बोट स्विचवर, संशय कुणावर?

कारच्या दारावरचा लॉकचा स्विच बिघडला म्हणणारं गिऱ्हाईक बहुधा निदान करूनच गॅरेजमध्ये येतं. बोट जिथं पडतं तिथंच दोष असणार, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब कितपत खरा आणि तो तपासायचा कसा, यावरून कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एक जुना वायरिंगवाला आणि त्याची भाची यांच्यात चांगलीच जुंपली. मामाची उभी हयात गाड्यांचे अर्थ (अर्थिंग) शोधण्यात गेलेली. भाची ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून एका सर्व्हिस सेंटरमध्ये बिघाड शोधायचं काम करते. वादाचं निमित्त होती मालवणहून घाट चढून आलेली एक जुनी हॅचबॅक. चालकाच्या दारावरचा स्विच दाबला की चारही दारं लॉक व्हायची. अनलॉक मात्र कधी व्हायची, कधी नाही. पावसाळी हवेत तर नाहीच. मालकाचं म्हणणं एकच : स्विच गेलाय, नवा टाका.

भाची : मामा, मी तर म्हणते टाकूनच बघा. स्विच स्वस्त, माणसाचा तास महाग. नवा स्विच कपलरला जोडा, चाललं तर मिटलं.

मामा : चाललं म्हणजे सिद्ध काय झालं? जुना स्विच काढताना तू कपलर ओढलास, नवा लावताना दाबून बसवलास. पिनेवर गंज चढला असेल तर तो त्या ओढाताणीतच खरवडला गेला. गाडी बरी झाली, श्रेय मात्र नव्या स्विचला. मग पहिल्या मोठ्या पावसात तीच गाडी पुन्हा दारात.

भाची : म्हणून मी तिथं थांबत नाही. नव्यानं चाललं की जुना परत लावायचा. दोष परत आला तर स्विच दोषी, नाही आला तर कपलर. अदलाबदल दोन्ही बाजूंनी केली तरच ती चाचणी.

मामा : हे बरोबर. पण चाललेली गाडी मुद्दाम पुन्हा बिघडवून बघायला वेळ कुणाला असतो? आणि दाराचं पॅड उघडण्याआधीच बरंच काही कळतं, ते का सोडायचं? किल्लीच्या रिमोटनं दारं उघडतात काय?

भाची : प्रत्येक वेळी उघडतात.

मामा : मग बघ, अर्धी गाडी निर्दोष सुटली. फ्यूज ठीक, लॉकच्या मोटरी ठीक, मोटरींना करंट देणारा भाग ठीक. उरला स्विच, त्याच्या वायरी आणि त्याचा अर्थ. रिमोटनंही उघडत नसती तर स्विचला हात लावायचं कारणच नव्हतं. मीटर काढायच्या आधी हा प्रश्न विचारला तर काम निम्मं होतं.

भाची : त्यात माझी भर घाला. आधी ही खोड आहे की गाडीची रीत, तेही बघायला हवं. मागचं दार आतून उघडत नाही म्हणून किती जण येतात, आणि निघतो चाइल्ड लॉक. तो दाराच्या कडेला असलेला साधा खटका, विजेशी त्याचा संबंध नाही. दुसरं, बऱ्याच गाड्यांत बाहेरून रिमोटनं लॉक करून अलार्म लागला की आतला स्विच मुद्दाम बंद ठेवतात. काच फोडून हात घालणाऱ्याला स्विच दाबून दार उघडता येऊ नये म्हणून. एक जण आत बसतो, दुसरा बाहेरून लॉक करतो, आतला स्विच दाबतो आणि म्हणतो, चालत नाही!

मामा : तसं बनवलंय म्हणून चालत नाही.

भाची : आणि तिसरं तुमच्यासारख्यांसाठी. स्विच पटापट दहा-बारा वेळा दाबून बघायची तुमची सवय. मोटरी तापू नयेत म्हणून पुष्कळ गाड्यांचं मॉड्यूल अशा वेळी लॉक काही काळ बंदच करतं. तपासणारा स्वतःच बिघाड तयार करतो आणि मग तो शोधत बसतो.

मामा : बरं, हळू दाबतो. आता पॅड उघडलं. तुझी पहिली चाचणी कोणती?

भाची : सोपी. कपलर काढायचा, मीटर बझरवर लावायचा, स्विचच्या दोन पिनांवर टोकं ठेवून बटण दाबायचं. बीप वाजली तर स्विच जोडतोय.

मामा : इथंच माझा तुझ्याशी वाद आहे. ती बीप कितीला वाजते सांग? पुष्कळ मीटरांत तीस-चाळीस ओहमपर्यंत वाजते. जुन्या पद्धतीच्या गाडीचा हिशेब कर. तिथं मोटरीचा करंट थेट स्विचमधून जायचा. एका बाजूला दाबलं की मोटर सुलटी, दुसऱ्या बाजूला दाबलं की उलटी. मोटरीचा रेझिस्टन्स समज तीन ओहम. बारा व्होल्टला चार अँपिअर ओढणार. आता स्विचच्या पॉइंटवर कार्बन चढून आणखी तीन ओहम वाढले. करंट निम्मा झाला, मोटरीला सहाच व्होल्ट मिळाले. ती नुसती कण्हणार, लॉकचा दांडा हलणार नाही. आणि तुझा बझर? तीन ओहमला खुशाल बीप करणार. गाडी बंद आणि मीटर म्हणतंय ठीक.

भाची : मग बझर सोडून ओहमचा आकडा वाचा.

मामा : स्वस्तातल्या मीटरच्या नुसत्या वायरीच अर्धा ओहम दाखवतात. त्यात तो आकडा स्विच रिकामा असतानाचा. मीटर त्यातून कणभर करंट सोडतं, मोटर चार अँपिअर ओढते. मी एकवीस वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावतो. पावणेदोन अँपिअर ओढतो तो. बटण दाबल्यावर बल्ब पांढरा पेटला तर स्विच पास, पिवळट पेटला तर नापास. वजन उचलायला लावल्याशिवाय माणसाची ताकद कळत नाही.

भाची : तुमचा बल्ब त्या जुन्या गाडीत बरोबर, मामा. या गाडीत तो लावलात तर मी तुमचा हात धरीन. या स्विचमधून मोटरीचा करंट जातच नाही. स्विच फक्त मॉड्यूलला निरोप देतो आणि मोटरीला करंट मॉड्यूल देतं. वायरिंगची आकृती बघा. मॉड्यूलकडून एकच वायर येते, तिच्यावर पाच व्होल्ट, मॉड्यूलच्या आतल्या हजार ओहममधून आलेले. लॉक दाबलं की ती वायर थेट अर्थला जाते, व्होल्टेज शून्य. अनलॉक दाबलं की हजार ओहमच्या रेझिस्टरमधून अर्थला जाते, व्होल्टेज निम्मं, अडीच. काहीच दाबलं नाही तर पाच. एका वायरीवर तीन निरोप. गाडीगणिक आकडे वेगळे असतात, रीत मात्र हीच. पूर्ण शाबूत असतानाही या वायरीतून पाच मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट जात नाही, त्यात तुमचा बल्ब पेटणार कसा? बल्ब पेटला नाही म्हणून तुम्ही धडधाकट स्विच फेकून द्याल. आणि चुकून बल्बाचं दुसरं टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लागलं तर त्या नाजूक वायरीवर बारा व्होल्ट घालून मॉड्यूलच जाळाल.

मामा : एवढं मलाही कळतं. पिवळ्या कपलरची वायर दिसली की मी बल्ब खिशात घालतो.

भाची : एअरबॅगच्या वायरींचं तर बोलूच नका. तिथं बल्बचा करंट गेला तर बॅग फुटू शकते. पण धोका फक्त पिवळ्या कपलरपाशीच असतो असं समजू नका. आजकालच्या दारात कुठली वायर निरोपाची आणि कुठली ताकदीची, हे आकृती बघितल्याशिवाय कळत नाही.

मामा : मग या निरोपाच्या वायरीवर तू काय करणार?

भाची : कपलर काढणारच नाही. जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूनं बारीक पिन सरकवायची आणि व्होल्ट मोजायचे. हे बघा, काही न दाबता पाच. लॉक दाबल्यावर शून्य यायला हवं, येतंय १.१५. अनलॉकला अडीच हवं, येतंय २.८३. स्कॅनरवर मॉड्यूल काय समजतंय तेही दिसतं. लॉक दाबलं की नोंद होते. अनलॉक दाबलं की कधी होते, कधी नाही. या मॉड्यूलला दीडपर्यंत लॉक चालतं, २.२ ते २.८ पर्यंत अनलॉक. लॉकचा आकडा चुकलाय, पण मर्यादेत आहे. अनलॉकचा मर्यादेच्या अगदी काठावर. म्हणून कधी चालतं, कधी नाही.

मामा : थांब, हे मला नीट कळू दे. लॉक चालतंय म्हणजे अर्थ ठीक, असं मी धरलं असतं. दोघांचा अर्थ एकच ना?

भाची : तिथंच फसायला होतं. सामाईक वाटेवर कुठंतरी तीनशे ओहम वाढलेत. लॉकच्या वेळी तेवढेच तीनशे, म्हणून १.१५. अनलॉकच्या वेळी हजार अधिक तीनशे, म्हणून २.८३. दोन्ही आकडे एकाच तीनशेतून निघतात. अनलॉकचाच पॉइंट खराब असता तर लॉक साफ शून्यावर आलं असतं. एकच बटण चालत नाही म्हणून त्याच बटणाला दोष देता येत नाही.

मामा : शाबास. पण तीनशे ओहम आहेत कुठं? स्विचच्या आत की बाहेर? तुझा स्कॅनर तेवढं सांगत नाही. तो म्हणणार, निरोप चुकीचा आला. कुठं चुकला ते शोधायला दारातच उतरावं लागतं.

भाची : मान्य. आणि बाजारातला साधा स्कॅनर असेल तर तो तेवढंही सांगणार नाही. त्याला मुख्यतः इंजिनाचे, पी अक्षरानं सुरू होणारे कोड कळतात. दारं, काचा, दिवे हे बॉडीचे कोड बी अक्षरात येतात आणि ते बहुधा कंपनीगणिक वेगळे असतात. लोकांना वाटतं स्कॅनर लावला म्हणजे सगळं कळलं.

मामा : मग आता माझं ऐक. आकृतीत बघ, स्विचचा अर्थ कुठं जातो? मॉड्यूलमध्ये की बॉडीला?

भाची : बॉडीला. डॅशखाली, पायाजवळच्या पॅनेलमागच्या बोल्टला.

मामा : म्हणजे ती निरोपाची वायर नाही, नुसता अर्थ. तिथं माझ्या बल्बाला मुभा आहे. कपलर काढतो. बल्बाचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं कपलरमधल्या अर्थ पिनेला. पेटला?

भाची : नाही.

मामा : आता तुझं मीटर त्याच दोन जागी लाव.

भाची : १२.४ दाखवतंय.

मामा : बघितलंस? मीटर म्हणतंय अर्थ आहे, बल्ब म्हणतोय नाही.

भाची : मीटर खोटं बोललं नाही, मामा. त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स एक कोटी ओहमच्या घरात असतो. तीनशे ओहमचा अडथळा त्याच्या गावीही नसतो. मोजणी चुकली ती तुम्ही सर्किट उघडून मला मोजायला लावलं म्हणून. कपलर जोडलेला ठेवून, लॉकचं बटण दाबून धरून, अर्थ पिन आणि दाराबाहेरची बॉडी यांच्यात मोजलं असतं तर याच मीटरनं १.१५ व्होल्ट दाखवले असते. चांगल्या अर्थावर तिथं जवळपास शून्य दिसायला हवं. म्हणजे स्विच सुटला, अर्थाची वाट दोषी ठरली, आणि बल्बही लागला नाही.

मामा : बटण दाबून धरून! इतका वेळ मी दुसरं काय सांगतोय? काम चालू असताना मोज. मी बल्बानं काम करायला लावतो, तू बटण दाबून. हत्यार कुठलं ते मागाहून बघू.

भाची : हत्यारानंही फरक पडतो. तुमच्या बल्बला हो आणि नाही एवढंच येतं. किती बिघडलंय आणि मर्यादेपासून किती लांब आहे, ते आकडा सांगतो. ही गाडी उन्हात आली असती तर सगळं चाललं असतं आणि तुम्ही परत पाठवली असती. मी २.६ वाचून सांगितलं असतं, आज चालतंय, पण लक्षण बरं नाही.

मामा : ते खरं. आता जागा दाखवतो. दार आणि खांब यांच्यामध्ये हा रबराचा बूट आहे ना, सगळी वायरिंग यातून जाते. दार उघडलं-मिटलं की वायर इथंच वाकते, रोज, वर्षानुवर्षं. बूट चिरला की पाणी शिरतं, आणि मालवणची हवा खारी. वायरीचं कातडं बाहेरून शाबूत, आत तांब्याची हिरवी पूड. हे घे, सोलून बघ.

भाची : हिरवीगार. चार-दोन तारा उरल्यात, त्याही खाल्लेल्या.

मामा : आणि मालक म्हणत होता स्विच बदला. तसा स्विचवर संशय घ्यायला जुन्या काळी आधार होता म्हणा. जड करंट तोडताना पॉइंटवर ठिणगी उडायची, पॉइंट जळायचा, खड्डे पडायचे. पॉलिश पेपर मारला की काही दिवस चालायचं.

भाची : आता उलटं झालंय. पाच मिलिअँपिअरला ठिणगी कसली? पॉइंट जळत नाही, पण ठिणगीनं वरचा थर फुटून निघायचा, तीही सोय गेली. दमटपणा आणि धुळीचा पातळसा थरही निरोप अडवायला पुरतो. जुना स्विच जळून मरायचा, नवा मळून मरतो. म्हणून पॉलिश पेपर आता उपाय नाही, अपाय आहे. खूप स्विचांत रबराच्या टोपीखाली कार्बनची टिकली असते, नाहीतर पॉइंटवर उत्तम धातूचा पातळ मुलामा. एकदा घासलात की संपला. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, पुन्हा मोजा. सुधारला नाही तर बदला.

मामा : पण वायर तरी माझ्या पद्धतीनं जोडू दे. बुटाच्या आत सोल्डर करायचं नाही. सोल्डरनं तार ताठ होते, आणि जिथं ताठपणा संपतो तिथंच वाकून पुन्हा तुटते. खराब तुकडा पूर्ण काढायचा, मऊ बारीक तारांची लांब वायर टाकायची, आणि सांधा बुटाबाहेर, एक दारात, एक खांबामागं घ्यायचा. शेवटी बूट नवा. आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं उघडायची. मागं स्पीकर बसवणाऱ्यानं पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाडून टाकलाय, तोही लावायचा.

भाची : यात वाद नाही. पण मला एक सांगा, एका अनलॉकच्या बटणासाठी एवढा खटाटोप? मालक रिमोट वापरू शकतो, दार हातानं उघडू शकतो.

मामा : २६ जुलै २००५ आठवतो? मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाण्यात अडकलेल्या गाड्यांत काही माणसं गेली. काचा खाली होईनात, दारं उघडेनात. ही दारं चैनीची नाहीत.

भाची : त्या दिवशी तुमची नवी वायरही कामाची नव्हती, मामा. पाणी बॅटरीत आणि मॉड्यूलमध्ये शिरल्यावर स्विच कितीही चांगला असो, निरोप ऐकायला कुणी उरत नाही. पुढं एआयएस-१४५ हे गाड्यांच्या सुरक्षेचं मानक आलं. १ जुलै २०१९ पासून नव्या कारना ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण, वेगाचा इशारा, पार्किंग सेन्सर यांच्याबरोबर सेंट्रल लॉक हातानं उघडायची सोयही सक्तीची झाली. वीज नसताना दार उघडलंच पाहिजे, हे कायद्यात आलं.

मामा : कायदा नव्या गाडीचा. ही गाडी त्याच्या आधीची. हिच्या दारातली हँडलची तार गंजून अडकली नाही कशावरून? वीज आहे तोवर कळणारच नाही, कारण रोज मोटरच काम करते.

भाची : मग तीही चाचणी यादीत घाला. काच खाली ठेवायची, सगळी दारं लॉक करायची, बॅटरीचं टर्मिनल सोडायचं आणि आत बसून प्रत्येक हँडल ओढायचं. चाइल्ड लॉक असलेलं मागचं दार उघडणार नाही, ते मालकाला आधी सांगायचं. लॉकच्या स्विचचं काम आपल्या हाताखालून गेलं की वीज गेल्यावर काय होतं, ते बघितल्याशिवाय गाडी द्यायची नाही.

मामा : एवढं सगळं केल्यावर बिलावर काय लिहिणार? गिऱ्हाईक सुट्या भागाचे पैसे देतं. शोधण्याचे मागितले की तोंड वाकडं करतं. स्विच नवा टाकला असता तर त्यानं काही न विचारता पैसे दिले असते. चार इंच वायरीला काय लावू?

भाची : याच हिशेबानं निर्दोष स्विच फेकले जातात. शोधण्याला किंमत नाही म्हटलं की कारागीर जे विकता येतं तेच बदलत सुटतो. मी जॉबकार्डवर लिहिते : स्विच जोडलेला असताना, लॉकचं बटण दाबून, अर्थ पिनेवर आधी १.१५ व्होल्ट, वायर बदलल्यावर ०.०१. लॉक शून्य, अनलॉक २.५. दार उघडझाप करून पुन्हा तेच. बॅटरी सोडून दारं आतून उघडून पाहिली. स्विच मूळचाच. आणि त्याखाली तपासणीची मजुरी, वेगळ्या ओळीत.

मामा : तो म्हणेल, स्विच तर तोच आहे, मग पैसे कशाचे?

भाची : त्याला म्हणा, स्विच बदलला नाही, याचेच.

मामा : आणि नाहीच पटलं तर?

भाची : तर जुनी वायर हातात द्या आणि १.१५ म्हणजे काय ते नीट समजावून सांगा. त्याला वेळ लागेल. तो वेळ मात्र मजुरीत धरू नका.